बावीस जूनचे उत्तर

सामान्यज्ञानाच्या चढाओढीत आमच्या पिंपरी-चिंचवडातील मुलांना एक प्रश्न हटकून विचारला जातो: ‘रँडसाहेबाचा मृत्यू कोणत्या दिवशी झाला?’ प्रश्न पुरा होतो न होतो तोच चार हात वर होतात व ‘२२ जून १८९७’ असे उत्तर येते. त्याच नावाचा मराठी चित्रपट १९७९ साली निघाल्यामुळे ही तारीख अनेकांच्या तोंडी बसली आहे. उत्तरास टाळ्या पडतात, गुणही मिळतात. आणि ते चुकीचे असते! त्या रात्री गणेशखिंडीत दामोदर चापेकरांच्या गोळीने रँड जखमी झाला. मरण पावला तो ३ जुलै रोजी. जागच्या जागी गतप्राण झाला तो दुसऱ्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट.

अकरा दिवसांच्या या चुकीबद्दल आम्ही मुलांस बोल लावीत नाही. आमचा आक्षेप निराळाच आहे. उत्तर बिनचूक आले असते, तरी विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले असते? दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे चिंचवडचे तिघे सख्खे भाऊ तेरा महिन्यांच्या आत फासावर गेले, ते कशापायी? १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर मांडला होता. रोगी हुडकण्यासाठी गोरे सोजीर घरांत शिरत. देवघर की माजघर याचा विधिनिषेध त्यांस नसे. जडलेला रोग बरा करील असे औषध तेव्हा नव्हते. माणसे हुडकून वेगळी ठेवणे हाच मुख्य उपाय समजला जाई, आणि तो ज्या बेमुर्वतपणे अमलात आणला गेला त्याचा संताप त्या रात्री उसळला.

आता हे पाहा. प्लेग बरा करणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले, आणि पुढे ते चिंचवडच्या शेजारीच, पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात तयार होऊ लागले. ज्या औषधाच्या अभावी एवढे रामायण घडले, ते चापेकरांच्या वाड्यापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर बनले! ‘पिंपरीचा कारखाना केव्हा निघाला?’ हाही प्रश्न स्पर्धेत असतोच. परंतु या दोन प्रश्नांची गाठ कोणी घालून देत नाही.

चाकणचीही तीच गत. १६६० साली संग्रामदुर्ग कोणी लढविला, असे विचारले की ‘फिरंगोजी नरसाळा’ हे उत्तर तयार. पण डोंगराचा आसरा नसलेला तो भुईकोट शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने कसा टिकला, आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावर कसा पडला, हे विचारील तो परीक्षक विरळा.

आमची सूचना इतकीच की, पुढील वर्षी तारखेस एक गुण ठेवावा व ‘का?’ या प्रश्नास चार. मग परीक्षकांसही अभ्यास करून यावे लागेल, ही अडचण मात्र आम्हांस मान्य आहे.