परसबाग : दगडांच्या ढिगावर सदाफुली

शेतातून वेचलेले दगडगोटे पुष्कळ घरांपुढे ढीग होऊन पडलेले असतात. त्यांत गवत माजते, विंचूकाट्याला आसरा मिळतो. हेच दगड नीट रचून मधल्या खाचांत सदाफुली लावली, तर बारा महिने हिरवा पाला आणि फुले मिळतात. खर्च जवळजवळ नाहीच.

दगड निम्मे मातीत पुरून उतरत्या पायऱ्यांसारखे रचावेत. खाचांत नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. दोन पाट्या मुरूम, दोन पाट्या माती आणि एक पाटी कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. जागा भरपूर उन्हाची असावी.

पहिल्या पावसानंतर जुन्या झाडाखाली रोपे आपोआप उगवतात. चार-सहा पाने आली की ती वीतभर अंतरावर लावावीत. बी टाकायचे असल्यास ते मातीने झाकावे, कारण ते अंधारात चांगले रुजते. रोप चार बोटे वाढले की शेंडा खुडावा. त्यामुळे फांद्या फुटून झाड बुटके व पसरट राहते आणि दगड झाकले जातात. पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वाढलेल्या फांद्या छाटाव्यात.

मुळे धरली की पाणी बेतानेच द्यावे. भर दुपारी पाने वळली तरी घाबरू नये. सायंकाळी ती पुन्हा उघडतात. माती ओली असूनही झाड माना टाकू लागले, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

पाने बारीक होऊन गुच्छ झाला किंवा फुले हिरवी निघू लागली, तर ते झाड उपटून जाळावे. हा रोग तुडतुडे पसरवतात आणि वांग्यावरील पर्णगुच्छाचा रोगही सदाफुलीवर येतो. वांग्याचा वाफा शेजारी असेल तर अधिक लक्ष ठेवावे.

आता महत्त्वाचे. साखरेच्या आजारावर म्हणून सदाफुलीची पाने चावून खाण्याची पद्धत गावोगाव आहे. ती सोडावी. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे शास्त्रज्ञ याच समजाची परीक्षा घेत होते. पानांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे त्यांना दिसले. त्यातूनच १९५८ साली कर्करोगावरील व्हिन्ब्लास्टिन हे औषध हाती आले. पुढे याच झाडातून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. पण ही औषधे डॉक्टर तोलूनमापून, रक्त तपासत देतात. घरी चघळलेल्या पानाचे माप कोण ठेवणार? साखर वाढली असेल तर दवाखान्यातच जावे.

कडवट असल्याने जनावरे हा पाला सहसा खात नाहीत. तरीही छाटलेल्या फांद्या गव्हाणीजवळ टाकू नयेत. वैरणीत मिसळल्या तर कळत नाही. खड्ड्यात पुराव्यात आणि हात धुवावेत. फूल देवाला वाहावे, पान मात्र तोंडात घालू नये, हे लहान मुलांनाही सांगून ठेवावे.