तरुण संघाचा कागद

नाताळ सरला की मंडळ्यांमध्ये नव्या वर्षाच्या आखणीची बैठक होते, आणि तरुण संघाचा कागद तासाभरात भरून निघतो. उन्हाळी शिबिर, एक उपवास-प्रार्थना, गीतस्पर्धा, डिसेंबरात नाटिका. यातलं काहीच वाईट नाही, पण हे झालं वेळापत्रक. पाच-दहा वर्षांनी ही मुलं कुठे असतील आणि त्यांच्या श्रद्धेचं काय झालेलं असेल, हे त्या कागदावर कुणी लिहीत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या लोणीसारख्या गावातून पाहिलं, की ही उणीव चटकन दिसते. डिंभे धरण याच तालुक्यात आहे, पण लोणी-धामणीचा पट्टा पाण्यासाठी झगडत आला आहे. शेतीवर भागत नाही, म्हणून शिकलेला मुलगा रांजणगाव नाहीतर चाकणची एमआयडीसी गाठतो. मुलगी शिक्षणासाठी मंचरला किंवा पुण्याला जाते, पुढे सासरी. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी. खेड्यातल्या मंडळीत दहा-बारा तरुण जमले तरी संघ मोठा म्हणायचा, आणि त्यातल्या काहींची रविवारी सकाळची पाळी असते. अशा ठिकाणी शहरातल्या मोठ्या चर्चचा कार्यक्रम साउंड सिस्टिमसकट उचलून आणला, तर तो फार काळ टिकत नाही.

पवित्र शास्त्रातला नहेम्या यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवस कुणाला काही बोलला नाही. रात्री मोजकी माणसं घेऊन पडलेला कोट हिंडून पाहिला, मगच लोकांपुढे तो पुन्हा बांधायचा बेत मांडला. तरुण संघाच्या आखणीतही पहिलं काम हेच. कोण कुठल्या पाळीत आहे, कोण खोली करून राहतो, उपासनेला येणं कुणी आणि का सोडलं, हे घरी जाऊन विचारावं. उत्तरं कधी बोचतील. लग्न, नोकरी आणि दाखल्यावरची जात या प्रश्नांवर मंडळी गप्प बसते, असंही एखादा तोंडावर सांगेल. ते ऐकून घ्यायची तयारी नसेल, तर पुढच्या बैठका न घेतलेल्या बऱ्या.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. १८८१ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंड इथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने ख्रिस्ती तरुणांची संस्था काढली. सभा चालवण्यापासून समित्यांच्या कामापर्यंत सगळं तरुणांनीच करायचं, हा तिचा गाभा होता. ती पद्धत पुढे भारतातही आली. पण इतक्या लांब जायचीही गरज नाही. पुणे जिल्ह्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं आत्मिक जागरण झालं आणि तिथल्या मुलींच्या टोळ्या सुवार्ता घेऊन खेडोपाडी गेल्या. याच आश्रमात मुली विणकाम, शेती, छपाई शिकत. रमाबाईंनी केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर आश्रमाच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून छापलं गेलं. प्रार्थना एकीकडे आणि पोटापाण्याचं शिक्षण दुसरीकडे, अशी वाटणी रमाबाईंनी केली नाही. आज तरुण संघाच्या वाट्याला मात्र खुर्च्या मांडणं आणि तारा लटकवणं एवढंच येतं, आणि मुलं येत नाहीत म्हणून वडीलधारे कुरकुरतात!

खेड्यातल्या मंडळीने सगळ्यात जास्त विचार करावा तो गाव सोडणाऱ्यांचा. त्यांना गळती समजून रडत बसण्यात अर्थ नाही. ती जाणारच आहेत. मुलगा चाकणला निघाला की तिथल्या पाळकांना आधी फोन जावा, त्याला राहायला जागा आणि उपासनेला सोबत मिळावी, पहिले सहा महिने कुणीतरी त्याची विचारपूस करावी. याला खर्च जवळजवळ नाही. गावात राहिलेल्यांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ पुरे, पण ती पाळीच्या वेळा पाहून ठरवावी आणि त्यात शास्त्राभ्यासाबरोबर नोकरीचे अर्ज, कर्ज, व्यसन हेही बोलायला मुभा असावी.

या वर्षीच्या बैठकीत मंडळींनी निदान दोन ठराव करावेत: कारभारी समितीत पंचविशीच्या आतला एक मुलगा आणि एक मुलगी मताधिकारासह घ्यावी, आणि संघासाठी ठरलेली रक्कम त्यांच्याच हाती देऊन हिशेब तेवढा मागावा.