पैशाला जात नसते? मग एजंट आडनाव का विचारतो?

जालना रोडने चिकलठाण्याकडे जा, नाहीतर बीड बायपासला वळा. होर्डिंगवर होर्डिंग. ‘समृद्धी टच प्लॉट’, ‘ऑरिकपासून हाकेच्या अंतरावर’, ‘आजच बुक करा, उद्या भाव वाढणार’. लॉकडाऊनमध्ये आडवा झालेला आपल्या शहरातला घरांचा बाजार पुन्हा उभा राहिला आहे. २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क कमी करून त्याला हात दिला. मग समृद्धी महामार्ग सुरू झाला. २०२४ मध्ये बिडकीनसाठी टोयोटाच्या सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीची घोषणा झाली आणि शेंद्र्यापासून पैठण रोडपर्यंतच्या जमिनीला पाय फुटले. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या म्हणतात, बाजाराला सुगीचे दिवस आले.

सुगी आली हे खरे. पण खळ्यावर कुणाला येऊ देतात आणि कुणाला बांधावरूनच परत पाठवतात, हे पुरवणीत छापून येत नाही.

आमच्यातला एक कार्यकर्ता. कंपनीत परमनंट, नवरा-बायको दोघे कमावते, बँकेने गृहकर्ज आधीच मंजूर केलेले. रिसेलचा एक फ्लॅट त्यांना पसंत पडला. भावावर घासाघीस होऊन आकडाही ठरला. मग एजंट म्हणाला, “सर, पूर्ण नाव सांगा ना, टोकनच्या पावतीवर टाकायचंय.” आडनाव ऐकून त्याने पेन थांबवला. “गाव कोणतं सर? म्हणजे तुम्ही कोणाकडचे?” आमचा गडी सरळ म्हणाला, “जय भीमवाला आहे.” दोन दिवसांनी फोन आला, मालकाचा विचार बदलला, आता विकायचाच नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यात तोच फ्लॅट, तेच फोटो, त्याच ॲपवर. भाव ५० हजारांनी कमी.

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. मालकाने ५० हजारांचा तोटा सोसायची तयारी दाखवली, पण जय भीमवाल्याला घर दिले नाही. ‘पैशाला जात नसते’ म्हणणाऱ्या आमच्या खुल्या प्रवर्गातल्या मित्रांनी आणि ‘आता कुठे राहिली जात’ म्हणणाऱ्या आमच्यातल्याच काही साहेबांनी या ५० हजारांचा हिशेब द्यावा. बाजार म्हणजे नफा, असे तुम्ही शिकवता. मग हा मालक तोटा कशासाठी सोसतो? कारण त्याच्या लेखी आपल्या शेजारी नसण्याची किंमत ५० हजारांहून जास्त आहे. पैशाला जात नसेल, पण जातीला किंमत आहे आणि ती ठरलेल्या भावात मोजली जाते.

हा एकट्या-दुकट्याचा अनुभव आहे, असे कुणी म्हणेल. त्याचेही उत्तर आपल्याकडे आहे आणि ते नागसेनवनातून शिकून गेलेल्या माणसाने दिले आहे. बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंदमध्ये शिकलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात भाड्याच्या घरांबाबत एक पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशी ओळख कळेल, अशा नावांनी घरमालकांना फोन केले गेले. सवर्ण नावाला कुणीच नकार दिला नाही. दलित नावांपैकी सुमारे १८ टक्क्यांना आणि मुस्लिम नावांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना थेट नकार मिळाला. बाकीच्यांतल्या अनेकांपुढे जादा अटी ठेवल्या गेल्या. देशाच्या राजधानीत ही गत, तर ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या ठरावावरून १९७८ मध्ये आपली घरे जाळली गेली, तिथे घराच्या व्यवहारात जात मेली असेल, असे मानणारा एकतर भोळा आहे किंवा लबाड.

त्या जळितानंतर गाव सोडून अनेक जण या शहरात आले. गावात घर जाळले गेले आणि शहरात घर नाकारले गेले. मग माणूस राहिला कुठे? शहराच्या कडेला, गुंठेवारीत. शेतमालकाने एनए न करताच पाडलेले प्लॉट, बाँडपेपरवर नोटरी करून घेतलेले. सातबाऱ्यावर नाव नाही, बांधकामाला परवानगी नाही. एकाच शहरात असे दोन बाजार उभे राहिले. एक रजिस्ट्रीचा आणि दुसरा बाँडचा. रजिस्ट्रीच्या बाजारात बँक कर्ज देते, भाव वाढतो, बापाचे घर पोराच्या शिक्षणासाठी तारण पडते. बाँडच्या बाजारात कर्ज मिळत नाही, म्हणून गिऱ्हाईक रोखीचे. रोखीचे गिऱ्हाईक थोडे, म्हणून भाव पडका. टोयोटा आली काय नि न आली काय, तिची सुगी या बाजारात पोचता पोचता आटते. आणि या दोन बाजारांच्या मधल्या दारावर तो एजंट पेन थांबवून उभा आहे.

सरकारी योजना आहेत ना, असे म्हणाल. रमाई आवास योजनेत शहरात घर बांधायला अडीच लाख रुपये मिळतात, पण जागा तुमच्या नावावर असल्याचा कागद लागतो. ज्याच्याकडे बाँड आहे तो दारातून परत. पंतप्रधान आवास योजनेत या शहरासाठी सुमारे ४० हजार घरांची निविदा निघाली. त्या निविदेतल्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला, ईडीचे छापे पडले. गरिबाच्या घराची वीट लागायच्या आधी त्याच्या नावाने चौकशी लागली. २०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता रुंदीकरणासाठी महापालिकेचे जेसीबी मुकुंदवाडीपासून फिरू लागले, तेव्हा ज्याच्या हातात परवानगीचा कागद होता त्याला निदान बोलायला जागा होती. बाकीच्यांनी कपाटे आणि पोरे रस्त्यावर काढली.

आता प्रतिवाद बघू. पहिला प्रतिवाद असा, की घर मालकाचे, कुणाला विकायचे ही त्याची मर्जी. वरवर पटणारा, पण कायद्यात न टिकणारा. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ उघडा. त्याच्या कलम ४ च्या आठव्या खंडात लिहिले आहे, की कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ तर त्याहून महत्त्वाचे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध असे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. आपण बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण गेले, असे कुणी सांगितले तर त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवा. म्हणजे घर नाकारणे ही मर्जी नाही. तो गुन्हा आहे आणि तो आज नव्हे, गेली सत्तर वर्षे गुन्हा आहे.

सोसायटीवाले वकील २००५ चा झोरोआस्ट्रियन हाउसिंग सोसायटीचा निकाल पुढे करतील. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला, हे खरे. तो निकाल चुकीच्या बाजूला झुकलेला आहे, असे आमचे मत आहे. पण त्याने १९५५ चा कायदा रद्द झालेला नाही. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम २३ सांगते, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नाकारले तर निबंधकाकडे अपील आहे. ‘आमची सोसायटी शाकाहारी आहे’ हे पुरेसे कारण आहे का, हे एकदा निबंधकाच्या तोंडून लेखी वदवून घेऊच.

दुसरा प्रतिवाद आपल्याच घरातला आहे आणि तो मला जास्त टोचतो. तो कार्यकर्ता मला म्हणाला, “जाऊ द्या दादा. पुढच्या वेळी नुसतं पहिलं नाव सांगतो.” कुणी आडनावाच्या जागी गावाचे नाव लावतो. कुणी घरभरणीआधी दिवाणखान्यातला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेतो. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. डोक्यावर छप्पर लागते आणि पोरांची शाळा थांबत नाही. पण हा रस्ता पुढे बंद आहे, हे मी नाही, खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्रानेही घरात घेतले नाही. सरकारी बागेत झाडाखाली बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हे सगळे आहे, प्रत्येक तरुणाने ते वाचावे.

बदललेले नाव अकरा दिवस टिकले. तुमचे किती टिकणार? सोसायटीच्या ग्रुपवर १४ एप्रिलला तुम्ही काय टाकता, याकडे शेजारी बघतच असतात. पोरगी कोणत्या कोट्यातून मेडिकलला लागली, हे त्यांना तुमच्याआधी कळते. नाव लपवून घेतलेल्या घरात माणूस मालक नसतो, तो कायमचा भाडेकरू असतो आणि भाडे रोज गप्प बसून भरतो. बाबासाहेबांनी बडोद्याहून परतल्यावर नवे नाव शोधले नाही. त्यांनी पुढे देशाचा कायदा लिहिला. दोन्हींतला फरक ओळखा.

तिसरा प्रतिवाद म्हणजे, कशाला जायचे त्यांच्यात, आपली वस्ती बरी. वस्तीचा अभिमान मलाही आहे. भीमनगरात, पेठेनगरात जन्मलेल्या माणसांनीच ही चळवळ खांद्यावर वाहिली आहे. पण वस्तीत राहणे ही आपली निवड असली पाहिजे, दुसऱ्याने मारलेली रेघ नव्हे. ती रेघ मान्य केली, की गावकुसाबाहेरचा महारवाडा शहरात नव्या नावाने उभा राहतो, एवढेच. आणि ज्याला वस्तीतच राहायचे आहे, त्याच्या घराचा कागद पक्का करणे हीही याच लढ्याची दुसरी बाजू आहे.

म्हणून नुसती हळहळ नको. कामे सांगतो.

पहिले, कागद. गुंठेवारी नियमितीकरणाची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली आहे. तुकडेबंदीचा जाचही सरकारने २०२५ मध्ये सैल केला. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी दोन तास टेबल टाका. शिकलेल्या पोरांनी बाँड, टॅक्सच्या पावत्या, वीजबिले घेऊन लोकांचे अर्ज भरून द्यावेत. वंदना झाली की कागद. यात प्रतिगाम्यांना घाबरण्यासारखे आहे, मिरवणुकीच्या डीजेत नाही.

दुसरे, घाईने विकू नका. भाव चढताना दलाल वस्तीत फिरतात. बाँडवरचे घर मिळेल त्या भावात विकून तुम्ही आणखी दहा किलोमीटर बाहेर फेकले जाल आणि कागद पक्का झाल्यावर त्याच जागेचा भाव दुसरा कुणी खाईल.

तिसरे, नकाराचा पुरावा ठेवा. एजंटशी बोलणे व्हॉट्सॲपवर लेखी करा. ‘विकायचे नाही’ म्हणाल्यानंतर तीच जाहिरात पुन्हा दिसली, तर तारखेसह स्क्रीनशॉट काढा. दुसऱ्या नावाच्या मित्राला त्याच घराची चौकशी करायला लावा. थोरात सरांनी जे संशोधनात केले तेच. मग पोलीस ठाण्यात १९५५ च्या कायद्याखाली तक्रार द्या. हा दखलपात्र गुन्हा आहे. नवा प्रकल्प असेल, तर महारेराकडे नोंदणी करताना बिल्डरने घर वाटपात भेदभाव करणार नाही, असे प्रतिज्ञापत्र दिलेले असते. ते काढा आणि त्याच्यासमोर ठेवा.

चौथे, मागणी. १९५५ चा कायदा आपल्याला तरी आहे. ज्या मुस्लिम भाड्याने खोली शोधतो, त्याला तोही नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत, घर नाही. विकत किंवा भाड्याने घर देताना जात, धर्म, आहार यावरून नकार देणाऱ्या मालक, एजंट आणि सोसायटीला दंड करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने करावा, ही मागणी येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवा. निळा गमछा घालून येणाऱ्यालाही सोडू नका.

तो कार्यकर्ता अजून घर शोधतो आहे. परवा त्याने नव्या एजंटला फोन लावला आणि सुरुवातीलाच पूर्ण नाव सांगितले. पलीकडे शांतता. मग हा म्हणाला, “नाव नीट लिहून घ्या. नाही म्हणायचं असेल, तर तेही लिहूनच द्या.”

असेच बोला. होकार आला तर घर मिळेल, नकार आला तर पुरावा.

जय भीम! जय संविधान!