कच्चं गाणं, पक्की परवानगी

दोस्तांनो, भेळवाल्याची गाडी डोळ्यांसमोर आणा. कुरमुरे एका डब्यात, शेव दुसऱ्यात, बारीक चिरलेला कांदा एका बाजूला, चिंचगुळाची चटणी आणि हिरवी चटणी आपापल्या भांड्यांत. हे सगळं पातेल्यात पडलं आणि एकदा का चमचा फिरला, की मग तुम्ही कितीही हट्ट करा, त्यातून चटणी काही वेगळी काढता येत नाही. आपण ऐकतो ते गाणंही असंच कालवून झालेलं असतं. गायकाचा आवाज, गिटार, ड्रम, व्हायोलिनं, सगळं एकजीव होऊनच आपल्या कानांपर्यंत पोचतं.

आता समजा, भेळवाला म्हणाला, "हे घे माझे सगळे डबे. घरी ने आणि तुझ्या मनासारखी भेळ कर!" गाण्यांच्या बाबतीत खरोखर असं करणारे बँड जगात आहेत. आजची गोष्ट त्यांचीच.

पण आधी गाणं कालवतात कसं, ते बघू या. मोठ्या स्टुडिओत प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे नोंदवलं जातं. या स्वतंत्र नोंदीला म्हणतात ट्रॅक. जणू एकाशेजारी एक धावणारे रूळ! पूर्वी मात्र अशी चैन नव्हती. आपल्याकडच्या सिनेमांतली कितीतरी जुनी गाणी गायक आणि वादक एकत्र बसून, एका दमात रेकॉर्ड झाली. तिथे वेगळे डबे मुळात नव्हतेच. इंग्लंडच्या 'बीटल्स'नी १९६७ साली 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम केला, तेव्हा त्यांच्या यंत्रावर फक्त चार ट्रॅक असायचे. चारही भरले, की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाजवायचं. पुढे चोवीस ट्रॅकची यंत्रं आली. आता कॉम्प्युटरवर शंभर ट्रॅक केले तरी कुणी हटकत नाही. मग सगळे ड्रम एका फाइलमध्ये, सगळ्या गिटारी दुसऱ्या फाइलमध्ये, असे गट करतात. त्या एकेका गटाला म्हणतात स्टेम.

नुसत्या आवाजाचा स्टेम ऐकणं म्हणजे मोठी गंमत असते. सुरुवातीला कितीतरी सेकंद काहीच नाही, चिडीचूप! कारण गायक अर्ध्या मिनिटानं गायला लागणार असला, तरी सगळ्या फाइली एकाच क्षणाला सुरू होणाऱ्या ठेवतात. म्हणजे त्या एकाखाली एक लावल्या की आपोआप जुळतात. मग श्वास घेतल्याचा आवाज येतो. मागे कुठेतरी, गायकाच्या हेडफोनमधून झिरपलेला ठेकाही हळूच ऐकू येतो. पक्क्या गाण्यात हे सगळं झाकलं जातं. म्हणून तर कलावंतांना आपलं कच्चं गाणं दाखवायला संकोच वाटतो. पाहुण्यांना बैठकीच्या खोलीत बसवणं वेगळं आणि थेट स्वयंपाकघरात नेणं वेगळं, नाही का?

संकोच बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण होतीच. जाडजूड टेपची रिळं आणि ती चालवणारं कपाटाएवढं यंत्र कुठल्या चाहत्याच्या घरी असणार? घरोघरी कॉम्प्युटर आले, तेव्हा कुठे हा मार्ग मोकळा झाला. तरीही या फाइली अंगानं भारी! सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा खातो. म्हणजे चार मिनिटांचा एक स्टेम ४० मेगाबाइटचा. टेलिफोनच्या तारेवरून कुंईकुंई करत चालणारं जुनं इंटरनेट तो एकच स्टेम उतरवायला दीड तासाहून जास्त घ्यायचं. तुमच्या आई-बाबांना विचारा, मध्येच कुणी फोन उचलला की काय व्हायचं ते!

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात १९८८ साली 'नाइन इंच नेल्स' हा बँड सुरू झाला. त्याचा कर्ताधर्ता ट्रेंट रेझनर. (आई-बाबांनो, या बँडची बरीच गाणी मोठ्यांसाठीचीच आहेत, तेव्हा आधी तुम्ही ऐका.) एप्रिल २००५ मध्ये रेझनरनं 'द हँड दॅट फीड्स' हे आपलं नवंकोरं गाणं सगळे ट्रॅक सुटे करून चाहत्यांना फुकट देऊन टाकलं. ॲपलच्या कॉम्प्युटरवरच्या 'गॅरेजबँड' या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल सरळ उघडायची. ड्रम बंद करा, आवाज मागे ढकला, आपल्या घरची वाद्यं घाला, हवं ते करा! आणि लोकांनी केलंच. रेझनरला हे इतकं पसंत पडलं, की पुढे २००७ साली त्यानं आपल्या 'इयर झीरो' या अल्बमचे सुटे ट्रॅकही चाहत्यांपुढे ठेवले.

इंग्लंडच्या 'रेडिओहेड' या बँडनं एप्रिल २००८ मध्ये 'न्यूड' या गाण्याचे पाच स्टेम खुले केले: आवाज, गिटार, बेस, ड्रम आणि तंतुवाद्यं. अर्थात फुकट नाही. प्रत्येक स्टेमचे ९९ सेंट मोजावे लागत. "आम्हीच काम करायचं आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे?" अशी कुरकुर झाली, आणि मला तरी ती रास्त वाटते. पण खरी मजा पुढेच आहे. हे गाणं आहे संथ, सहाच्या अंगानं झुलणारं, म्हणजे आपल्या दादऱ्यासारखं. आणि रिमिक्स करणाऱ्यांच्या हातात बसलेला असतो नाचाचा धडधडीत चारचा ठेका, म्हणजे आपला केरवाच म्हणा ना. ज्यांनी तबल्याच्या क्लासला दोन महिने काढलेत, त्यांनी दादऱ्यातल्या गाण्याखाली केरवा वाजवून बघावा. चार मात्रांत गाडी रुळावरून घसरते! अनेकांची तशीच घसरली. ग्लासगोच्या कला महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्यानं मात्र वेगळीच शक्कल लढवली. भंगारात जायच्या लायकीची जुनी यंत्रं जमवून त्यानं त्यांच्याकडून हे गाणं वाजवून घेतलं. झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८० च्या दशकातला कॉम्प्युटर गिटार वाजवतोय, खरखरणारा प्रिंटर ड्रम, स्कॅनर बेस आणि जुन्या हार्ड डिस्का स्पीकर बनून आवाज काढताहेत!

इथपर्यंत सगळा आनंदीआनंद. पण दोस्तांनो, भेळेचे डबे दोन वेगवेगळ्या गाड्यांवरून उचलले तर?

अगदी तसंच झालं होतं. अमेरिकन रॅप गायक जे-झी यानं २००३ साली 'द ब्लॅक अल्बम' काढला आणि त्यातल्या गाण्यांचा नुसता आवाजही वेगळा उपलब्ध करून दिला. हेतू हा, की लोकांनी त्याखाली आपापलं संगीत घालावं. डेंजर माउस नावाच्या संगीतकारानं तो आवाज घेतला आणि त्याखाली संगीत घातलं ते बीटल्सच्या १९६८ सालच्या, पांढऱ्या कव्हरमुळे 'व्हाइट अल्बम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकडीचे तुकडे जोडून. काळा अधिक पांढरा म्हणून नाव ठेवलं 'द ग्रे अल्बम'! जे-झीचा आवाज खुला होता, बीटल्सचं संगीत नव्हतं. फेब्रुवारी २००४ मध्ये ईएमआय कंपनीनं वाटप थांबवा म्हणून नोटिसा धाडल्या. त्याचा निषेध म्हणून २४ फेब्रुवारीला कितीतरी वेबसाइटींनी तो अल्बम मुद्दाम आपल्या पानांवर ठेवला. काम सुंदर होतं, हे बहुतेकांनी मान्य केलं. पण एक डबा मालकानं दिलेला आणि दुसरा न विचारता उचललेला, हेही तितकंच खरं.

ही भीती रेझनरलाही आडवी आली. चाहत्यांनी केलेली रिमिक्स गाणी एका ठिकाणी ठेवावीत, असं त्याच्या मनात होतं. त्याची कंपनी होती युनिव्हर्सल. तिनं हात आखडता घेतला. लोक परस्पर गाणी चढवतात म्हणून तीच दुसऱ्या वेबसाइटींवर दावे लावत होती. उद्या रेझनरच्या जागेवर कुणी दुसऱ्याच गायकाचे तुकडे वापरलेलं रिमिक्स आणून ठेवलं, तर कंपनी स्वतःच्याच खटल्यात तोंडघशी पडली असती! शेवटी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीबरोबरचा करार संपल्याचं रेझनरनं जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये रिमिक्सची जागा स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केली.

पुढच्याच मार्चमध्ये, म्हणजे २००८ साली, त्यानं 'घोस्ट्स' हा छत्तीस तुकड्यांचा अल्बम काढला. यात शब्द नाहीत, नुसतं वादन. पहिले नऊ तुकडे फुकट, सगळे हवे तर पाच डॉलर. आणि त्याला जोडली होती 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाची परवानगी. ती साध्या मराठीत अशी: हे संगीत घ्या, वाटा, बदला, पण मूळ कुणाचं ते सांगा, त्यातून पैसे कमवू नका, आणि तुम्ही जे नवं कराल तेही याच अटींवर दुसऱ्यांना द्या.

दहा वर्षं गेली. नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या तरुणाला इंटरनेटवर यातला चौतिसावा तुकडा सापडला. त्यातल्या बॅन्जोच्या छेडीभोवती त्यानं एक ठेका बांधला आणि तो विकायला ठेवला. अमेरिकेतल्या एकोणीस वर्षांच्या, तेव्हा कुणालाही माहीत नसलेल्या मुलानं तो तीस डॉलर देऊन घेतला. त्या मुलाचं नाव लिल नास एक्स. त्यानं त्यावर 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं रचून डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. २०१९ मध्ये हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग एकोणीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तोवर हा मान इतके दिवस कुणालाच मिळाला नव्हता!

आता वरची परवानगी पुन्हा वाचा. "पैसे कमवू नका." ठेका विकला गेला होता, गाणंही विकलं जात होतं आणि रेझनरला कुणी विचारलंच नव्हतं. गाणं वर चढायला लागल्यावर संबंधितांची तारांबळ उडाली आणि रेझनरच्या व्यवस्थापकांना घाईघाईनं फोन गेला. त्यानं मनात आणलं असतं, तर गाणं तिथल्या तिथे अडवता आलं असतं. पुढे एका मुलाखतीत त्यानं सांगितलं, की आपल्या माणसांना त्यानं हे मिटवून टाका, वाटेत आडवे येऊ नका, असंच कळवलं. व्यवहार ठरला. गाण्याच्या लेखक-निर्मात्यांच्या यादीत रेझनर आणि त्याचा साथीदार ॲटिकस रॉस यांची नावं आली. मला विचाराल तर हा रेझनरचा मोठेपणा. पण दरवेळी समोरचा असाच भेटेल, या भरवशावर एवढा मोठा जुगार कुणी खेळू नये.

आणि आता तर हा प्रश्न जास्तच टोकदार झालाय. कालवलेल्या भेळेतून चटणी वेगळी काढता येत नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं ना? गाण्याच्या बाबतीत कॉम्प्युटर तेही करायला लागलाय. बीटल्सच्या जॉन लेननचा १९८० साली मृत्यू झाला. त्यानं घरी पियानो वाजवत एका साध्या कॅसेटवर गाऊन ठेवलेला आवाज कॉम्प्युटरनं पियानोपासून सोडवला आणि २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' हे बीटल्सचं नवं गाणं निघालं. ते लेननच्या कुटुंबाच्या संमतीनं झालं. असली सोपी सॉफ्टवेअर आज मोबाइलवरही मिळतात. म्हणजे डबा आता मालकानं न देताही हाती लागतो. परवानगी मात्र त्याच्याबरोबर येत नाही!

तुम्हाला करून बघायचं असेल, तर स्वतःच्याच गाण्यापासून सुरुवात करा. गॅदरिंगसाठी तुम्ही मित्र-मैत्रिणींनी बसवलेलं, चालही तुमचीच असलेलं गाणं घ्या. कॉम्प्युटरवर 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आधी फक्त ठेका रेकॉर्ड करा. मग तो हेडफोनमधून ऐकत पेटी, मग आवाज. हेडफोन विसरलात तर स्पीकरमधला ठेका आवाजाच्या फाइलमध्ये घुसेल आणि डबे वेगळे ठेवण्याचा सगळा खटाटोप वाया! सगळ्या फाइली एकाच क्षणापासून सुरू होतील अशा जतन करा आणि दुसऱ्या वर्गातल्या मित्रांना देऊन टाका. सोबत एक चिठ्ठी हवीच: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी आणि यातलं काय करायला तुमची हरकत नाही. ही चिठ्ठी सगळ्यांनी मिळून लिहा. पेटीवाल्याला न विचारता त्याची पेटी वाटू नका. आणि हो, मिनिटाला किती मात्रा, हे फाइलच्या नावातच लिहा. नाहीतर ती मिळालेला मित्र बिचारा सबंध रविवार टाळ्या वाजवत मोजत बसेल.