हातचा न लागणारा गुणाकार

आंबेगाव तालुक्यातील लोणी गावच्या एखाद्या दुकानदाराने निवांत वेळी वहीच्या कोऱ्या पानावर १,११,१११ या संख्येला तिनेच गुणून पाहावे. सहा ओळी मांडाव्या लागतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उत्तर येते १२३४५६५४३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. रक्कम म्हणून तिचा दबदबा मोठा. पण नुसते अंक पाहिले, तर ते एकापासून सहापर्यंत चढतात आणि तितक्याच शिस्तीने उतरतात.

ही संख्या जैन घराला परकी नसावी. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, सुमारे इ. स. ८५० मध्ये, महावीराचार्यांनी रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात ती आढळते. आचार्यांनी तिचे वर्णनही असेच केले आहे : एकापासून सहापर्यंत वाढत जाणारी, मग क्रमाने घटणारी. मात्र तेथे जाण्याची त्यांची वाट वेगळी. २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणा, असा त्यांचा प्रश्न. या ओबडधोबड आकड्यांतून अशी माळ निघेल, हे विद्यार्थ्याच्या स्वप्नातही येऊ नये. गंमत अशी की ४४१ हा २१ चा वर्ग, दुसरी संख्या ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे पुन्हा १,११,१११. याच ग्रंथातील १,५२,२०७ गुणिले ७३ हे उदाहरण करून पाहावे. आठ एके ओळीने उभे राहतात.

यात चमत्कार नाही, आणि कोणी ही संख्या शुभ म्हणून गल्ल्यावर लिहू लागला तर ते आचार्यांच्या शिकवणीशी जुळणारे नव्हे. सरकलेल्या सहा ओळींत कडेच्या स्तंभात एकच एक असतो, पुढच्यात दोन, मधल्यात सहा. कोठेही बेरीज दहावर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि माळ अभंग राहते. नऊ एके घेतले तरी ती टिकते : १२३४५६७८९८७६५४३२१.

सुमारे अकरा शतकांनंतर या संख्यांना महाराष्ट्रातच नवे नाव मिळाले. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ज्यांना ‘डेम्लो’ संख्या म्हटले, त्यांत या वर्गसंख्याही येतात. नावाचा उगम डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकाशी जोडलेला. कागद आणि पेन्सिल एवढ्याच भांडवलावर काम करणाऱ्या या शिक्षकाला अनेक विद्वानांनी फारसे मनावर घेतले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

आचार्यांचा ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह छापला. तो ज्या कपाटात असेल, तेथून काढून गुणाकाराचे प्रकरण मुलांसमोर ठेवावे; आणि दहा एकांचा वर्ग त्यांच्याकडूनच करून घ्यावा. तेथे मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, पहिला हातचा येतो आणि माळ तुटते : १२३४५६७९००९८७६५४३२१.