निवडीला सोबत हवी

११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती. दुसऱ्या दिवशी १२ एप्रिल. शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली याच तारखेला वैध ठरवली. तारखा शेजारी आल्या हा योगायोग, पण त्यांच्यातले नाते खरे आहे. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा सरकारी खर्च पडतो वरच्या वर्गांच्या पदरात, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात मांडली. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्यातलीच. तो हक्क देशभर कायद्याने लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

या कायद्याचे कलम १२(१)(सी) म्हणजे आपल्या बोलीतले ‘आरटीई प्रवेश’. खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि त्यांचे शुल्क सरकारने शाळेला परत करायचे. कोणती शाळा, हे गरीब आईबापांनी ठरवावे, असे या देशाचा कायदा पहिल्यांदाच सांगू लागला. ठरवण्याची ही मुभा पैसेवाल्यांना कायमच होती.

पण मुभा कागदावर असणे आणि हातात येणे यांत मोठे अंतर आहे. घरकाम करणारी एखादी आई अर्ज भरायला बसते तेव्हा काय होते, ते पाहा. संकेतस्थळावरच्या नकाशात आपल्या घरावर ठिकाण दाखवणारा लाल फुगा नेमका टेकवायचा, कारण शाळेचे अंतर तिथून मोजले जाते. वस्तीत गल्लीला नाव नसते. फुगा चार घरे पुढे सरकला तर पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि घरमालक तो करून द्यायला तयार नसतो. जातीचा दाखला गावाकडच्या तहसीलमध्ये. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रोजंदारीचे दोन दिवस बुडवायचे. शाळा निवडायच्या त्याही त्यांची नीट माहिती नसताना. प्रवेशाची सोडत निघाली की मोबाइलवर संदेश येईलच असे नाही आणि कागदपत्रे दाखवायची मुदत निघून गेली की जागा गेली. हक्क असलेली किती मुले या वाटेवरच गळतात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

या वाटेवर कुटुंबांचा हात धरणाऱ्या संस्थांचे ऋण जाहीरपणे मानले पाहिजे. दिल्लीत ‘सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी’ने २००७ मध्ये शाळानिवडीची मोहीम उभी केली आणि गरीब कुटुंबांतील मुलांना शिष्यवृत्तीची व्हाउचर देऊन पाहिली. ‘इंडस अ‍ॅक्शन’ याच कलमाच्या अंमलबजावणीसाठी दिल्लीत सुरू झाली आणि पुढे इतर राज्यांतही गेली. अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी आरटीई संसाधन केंद्र काढले. व्यवस्थापन शिकणारी मुले वस्त्यांमध्ये जाऊन पालकांचे अर्ज भरू लागली. आपल्याकडे पुण्यामुंबईपासून नागपूरपर्यंत पालक संघटना आणि वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते हेच काम करतात. समाजमंदिरात टेबल मांडायचे, एक लॅपटॉप, एक झेरॉक्सवाला आणि दाखल्यांच्या फायली. हे काम दिसायला किरकोळ, पण एका मुलाची आठ वर्षे त्यावर ठरतात.

त्यांचे मोल २०२४ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. निवड शिल्लक राहिलीच नाही. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी स्थगिती मिळाली, १९ जुलैला दुरुस्ती रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मात्र त्या वर्षी आरटीईची मुले शाळेत बसली ती शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर. एकट्यादुकट्या पालकाला ही लढाई पेलली नसती.

खासगी शाळेकडे धाव घेतल्याने सरकारी शाळा ओस पडतील, हा आक्षेप आम्हाला कळतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. पण मूल जवळच्या शाळेत शिकत नसेल, तर त्या आईला ‘व्यवस्था सुधारेपर्यंत थांब’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली, ती गावाने आणि शिक्षकांनी शाळा घडवली म्हणून. चांगली सरकारी शाळा ही पालकांची पहिली पसंती होऊ शकते. मुंबईत मराठी अभ्यास केंद्र मराठी शाळा निवडणाऱ्या पालकांना एकत्र आणते, त्यांची संमेलने भरवते. शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी सगळे ‘इंग्रजीत का नाही घातलं?’ म्हणत असताना त्या पालकांनाही पाठबळ लागते. आमच्या मते शाळानिवडीचे हेही तितकेच महत्त्वाचे काम आहे.

या संस्थांनी आता प्रवेशाच्या पुढे जायला हवे. गणवेश, पुस्तके, बस, सहल यांचे पैसे मागितले जातात आणि ‘आरटीईवाला’ म्हणून पोराला वेगळे पाडले जाते. सरकारची प्रतिपूर्ती वर्षाला प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये आणि तीही वर्षानुवर्षे थकलेली. मग शाळा चिडतात आणि राग निघतो मुलांवर. आठवी संपली की कायद्याचे छत्रच जाते. तोवर बाकावर शेजारी बसलेला मित्र नववीत त्याच वर्गात जातो आणि हा पूर्ण शुल्क भर किंवा दाखला घे, या पेचात सापडतो. चौदाव्या वर्षी मुलाला असे उठवणे क्रूर आहे.

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाख रुपये ही उत्पन्नमर्यादा वाढवा. दहा टक्के आर्थिक आरक्षणात आठ लाखांपर्यंतचे कुटुंब दुर्बल मानणाऱ्या राज्यात महिना साडेआठ हजार कमावणारा मजूर सधन ठरतो, हे अन्यायाचे आहे. प्रतिपूर्ती त्याच वर्षात द्या. दहावीपर्यंत संरक्षण द्या. प्रत्येक प्रभागात आणि पंचायत समितीत मदतकेंद्र चालवण्यासाठी या संस्थांना अधिकृत स्थान आणि निधी द्या.

आणि वाचकांनो, पुढच्या वेळी अर्ज सुरू होतील तेव्हा आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला एवढेच विचारा: मूल सहा वर्षांचे होतेय का, अर्ज भरलात का? नसेल भरला, तर दाखले घेऊन संध्याकाळी त्यांना घरी बोलवा आणि सोबत बसून भरून द्या.