बसायला एक स्टूल

भाचीच्या लग्नाची साडीखरेदी होती. दुकानातल्या ताईंनी तासाभरात चाळीसेक साड्या उलगडून दाखवल्या असतील. आम्ही गुबगुबीत खुर्च्यांवर, त्या काउंटरपलीकडे उभ्या. मधेच एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पोटरीवर घासायच्या, मग पाय बदलायच्या. आमचं काठावरून एकमत होईना, तेव्हा मी म्हटलं, "ताई, तोवर बसा ना जरा." त्यांनी कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "नाही हो, बसलेलं चालत नाही इथं. सकाळी दहापासून उभीच आहे."

मला कोझिकोडची मिठाई गल्ली आठवली. केरळमधल्या या गजबजलेल्या बाजारात दुकानांत काम करणाऱ्या बायका दिवसभर पाणी प्यायचं टाळत, कारण जायला स्वच्छतागृहच नव्हतं. तिथेच शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी या बायकांना एकत्र आणलं. 'पेनकूट्ट' ही त्यांची संघटना. आधी स्वच्छतागृह मागितलं, मग बसायचा हक्क. बसलेली दिसली म्हणून पगार कापल्याच्या तक्रारी होत्या. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर २०१८ साली केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. कामाच्या ओघात सवड मिळेल तेव्हा टेकता यावं, म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी आसन हवं, एवढीच ती तरतूद.

उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना बसायची सोय द्या, हे कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात होतंच. पण दुकानांचे कायदे ज्या त्या राज्याचे. त्यामुळे एका स्टुलासाठी प्रत्येक राज्यात वेगळं भांडावं लागलं.

आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. आठवड्याची सुट्टी, जादा तासांना दुप्पट मोबदला, भरपगारी रजा हे सगळं त्यात आहे. लोकांना मात्र तो ठाऊक आहे मराठी पाट्यांमुळे. मूळ कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं बहुतेक तरतुदींतून वगळली होती; २०२२ मध्ये पाटीचा नियम त्या लहान दुकानांनाही लागू झाला. पाटी मराठीत हवी, हे मला मनापासून पटतं. पण त्या पाटीखाली दिवसभर उभ्या असलेल्या बाईच्या रजेचं आणि तासांचं काय? तिथेही कायदा तितकाच शेवटच्या दुकानापर्यंत पोचायला हवा होता.

पैसे देताना मी मालकांना ताईंच्या बसण्याबद्दल विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक समोर असताना बाई बसलेली बरी दिसत नाही हो."

म्हणजे आमच्या नावावर हे चाललंय. "गिऱ्हाईक मीच आहे," मी म्हटलं, "आणि त्या बसल्या तर मला चालेल. एक स्टूल ठेवा त्यांना." मागे ताई साड्यांच्या घड्या घालत होत्या, उभ्यानेच.